माझगावला गाडी लावली तेव्हा

“बोटीचं राहू द्या जावईबापू. गाडी कुठं लावायची, ते आधी सांगा,” आण्णा म्हणाले.

मी तोंडातला लाडू तोंडातच धरून त्यांच्याकडं बघत राहिलो. आण्णा म्हणजे माझे सासरे, उत्तमराव जगदाळे. कराडात त्यांचं जळालेल्या विजेच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचं दुकान होतं. माणूस शिस्तीचा. चहा प्यायला स्टँडवर जायचं असलं तरी कुठल्या गल्लीनं जायचं हे ठरवून घराबाहेर पडणार. त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मी आणि माझी बायको मृदुला, आम्ही चौघांसाठी क्रूझची तिकिटं काढली होती. मुंबईहून निघायचं, गोव्याला थांबायचं, समुद्रात हिंडून परत मुंबई. आता एखाद्यानं आनंदानं उडी मारली असती. निदान बोट केवढी आहे, एवढं तरी विचारलं असतं. ह्यांचा पहिला प्रश्न, गाडी कुठं लावायची!

“आण्णा, आपण बसनं जाऊ,” मृदुला म्हणाली.

“बसमध्ये तुझ्या आईला उलट्या होतात.”

“मग भाड्याची गाडी करू.”

“परका ड्रायव्हर, घाटात डोळा लागला म्हणजे? घरात जावई आहे. दिवसभर रस्त्यावर असणारा माणूस.”

ते खरं होतं. मी जनावरांच्या औषधांचा विक्रेता. सातारा, सांगली, कोल्हापूर पायाखाली घातलेलं. गाडी चालवायला माझी ना नव्हती. पण बंदरावर चार दिवस गाडी सोडून जायचं कुठं, हे मात्र मलाही ठाऊक नव्हतं. तिकिटं काढून देणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “टर्मिनलवर इतके दिवस ठेवायचं मी खात्रीनं सांगू शकत नाही. मी चौकशी करते.”

तिथून पुढं महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. रविवारी सासुरवाडीला गेलो की जेवणानंतर मुंबईचा नकाशा मोबाईलवर उघडायचा आणि आण्णांनी चष्मा पुसून एकेक जागा बाद करायची. तळघरातलं पार्किंग? पाणी शिरतं. उघड्यावरचं? कबुतरं. मॉलमधलं? तिथं म्हणे लोक दुसऱ्याच्या गाडीला टेकून फोटो काढतात! एक जागा मला फार बरी वाटली, तर म्हणाले, “त्या वॉचमनचं नाव काय?” आता वॉचमनचं नाव मला कुठून ठाऊक असणार? मी वैतागून म्हणालो, “आण्णा, वॅगन-आर आहे ती. राजाचा हत्ती नाही.”

सासूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. आण्णा नाही हसले.

रात्री घरी येताना मृदुलाला म्हटलं, “अगं, माझगावला तुझे काका राहतात ना? बंदराच्या इतकं जवळ दुसरं कोण आहे आपलं?”

ती म्हणाली, “ते नाव आण्णांच्या पुढं काढू नको.”

कारण मला माहीत होतं. विलासकाका हे आण्णांचे धाकटे भाऊ. एकुलते एक. शिपिंग ऑफिसातून निवृत्त झालेले. दोघांची आई गेली तेव्हा पावसाळ्याचे दिवस होते. विलासकाका निरोप मिळाल्याबरोबर मुंबईहून निघाले, आणि घाटात दरड कोसळली. रस्ता बंद. इकडं कराडात भावकीतल्या म्हाताऱ्यांनी आण्णांना घेरलं. दिवस मावळायच्या आत उरकायला पाहिजे, मावळल्यावर अग्नी देत नाहीत. आण्णा दोन-तीनदा वेशीपर्यंत जाऊन आले म्हणे. शेवटी ऐकलं त्यांनी म्हाताऱ्यांचं. विलासकाका पोचले तेव्हा मंडळी नदीवर अंघोळी करून परत येत होती. ओल्या धोतरातल्या भावाकडं बघून ते एवढंच म्हणाले, “दादा, थांबला नाहीस. तुझ्या दारात मी पुन्हा पाऊल ठेवणार नाही.” आणि आण्णा कसले ऐकून घेतायत! चार लोकांत म्हणाले, “मग मीही तुझ्या दारात येणार नाही. तुझ्या घरचं पाणी पिणार नाही.”

त्याला नऊ वर्षं झाली होती. माझं लग्न त्यानंतरचं. लग्नात विलासकाका नव्हते. मी त्यांना फक्त फोटोत पाहिलं होतं.

आणि मग एका रविवारी आम्ही गेलो, तर आण्णा चक्क शीळ घालत गाडी धूत होते.

“झालं काम,” सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. “माझगावला लावायची गाडी. विलासभावजींच्या इमारतीत.”

“काय सांगता! आणि आण्णा तयार झाले?”

“मी आणि नलिनीनं जुळवलंय. तुम्ही काही बोलू नका.”

नलिनीकाकू म्हणजे सासूबाईंची धाकटी जाऊ. नवरे बोलत नव्हते, तरी ह्या दोघी दुपारी गुपचूप फोनवर बोलायच्या, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. आण्णांनाही असणार.

मी मुद्दाम आण्णांना डिवचलं. “काय आण्णा, माझगाव म्हणे?”

ते चाकावर पाणी मारत म्हणाले, “दारात पाऊल ठेवणार नाही म्हणालोय. पार्किंगमध्ये ठेवणार नाही असं कुठं म्हणालोय?”

आता घ्या! मला हसू आवरेना. पण त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच असा पाहिला होता. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरासारखा.

फेब्रुवारीत आम्ही पहाटे निघालो. थंडी होती. आण्णा माझ्या शेजारी बसलेले, नवा पांढरा शर्ट, दाढी गुळगुळीत. मागं सासूबाई आणि मृदुला, आणि त्यांच्या मधोमध एक पिशवी. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर चहाला थांबलो तेव्हा मी ती पिशवी हलवायला गेलो, तर आण्णा ओरडले, “हळू, हळू! आत लोणी आहे.”

“बोटीवर लोणी कशाला?”

“बोटीवर नाही.” एवढं बोलून ते चहा फुंकत बसले.

मृदुला मला नंतर हळूच म्हणाली, “काकांना कराडचं लोणी लागतं. लहानपणी आजी दोघांना एकाच वाटीत द्यायची. त्यावरनं मारामाऱ्या व्हायच्या.”

मग मला सगळाच प्रवास वेगळा वाटायला लागला. बोटीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. गाडीत बसलेल्या प्रत्येकाचं लक्ष माझगावच्या त्या इमारतीकडं होतं. घाटात, जिथं त्या दिवशी दरड कोसळली होती, तिथं आण्णा काचेतून बाहेर बघत म्हणाले, “इथंच अडकला होता तो.” आणि थोड्या वेळानं, “जावईबापू, सावकाश चालवा. वेळ आहे आपल्याकडं.”

वेळ होताच. त्यांनी आखणीच तशी केलेली. फ्रीवेवरून खाली उतरून माझगावात शिरलो तेव्हा बोटीवर चढायला अजून बराच अवकाश होता. आरामात दोन माणसं जेवून, पान खाऊन, डुलकी काढून उठतील इतका. मी मनात म्हटलं, वा, आण्णा! पक्के आहात.

इमारत जुनी, तीन मजली, दगडी. फाटकावर पिकल्या मिशांचा वॉचमन. त्यानं गाडीचा नंबर बघितला आणि पळतच आला. “जगदाळेसाहेबांचे पाहुणे ना? या, या. साहेबांनी आपली गाडी काल बाहेर रस्त्यावर लावली. जागा झाडून ठेवलीय.”

खरंच झाडून ठेवली होती. पाणी मारून. नारळाच्या झाडाखालची नाही, शेडमधली. मी गाडी आत घेतली, हँडब्रेक ओढला आणि सगळेच क्षणभर जागच्या जागी बसून राहिलो.

आण्णा उतरले. आधी त्यांनी चारी चाकं बघितली. मग बॉनेट उघडलं, आत बघितलं, मिटलं. मग रुमाल काढून समोरची काच पुसायला लागले. काच स्वच्छ होती. मी वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत कठड्याआड कुणीतरी खुर्चीत बसलं होतं. वर्तमानपत्र आणि पायजम्यातला एक पाय तेवढा दिसत होता. पाय हलत होता. वरून तळणाचा वास येत होता, खमंग.

जिन्यावरून नलिनीकाकू धावतच खाली आल्या. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. आल्या आल्या त्यांनी आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, सासूबाईंना मिठी मारली आणि मला म्हणाल्या, “जावईबापू, पहिल्यांदा आलात हो आमच्या दारी! चला, वर चला. पानं मांडलीत.”

मी पाय उचलला. आण्णा हलले नाहीत.

“विलास कुठं आहे?” त्यांनी विचारलं.

“आहेत की वर. तुमचीच वाट बघतायत.”

“वाट बघतोय तर खाली यायला काय झालं?”

नलिनीकाकूंनी सासूबाईंकडं बघितलं. सासूबाईंनी जमिनीकडं. मला ते बघणं तेव्हा कळलं नाही.

“गुडघे दुखतात हो त्यांचे,” काकू म्हणाल्या.

“काल रस्त्यावर गाडी लावायला उतरला होता ना? तेव्हा नाही दुखले?” आण्णांचा आवाज चढला. तो वरपर्यंत जावा असाच चढवला होता. “आग्रहानं बोलावणाऱ्यानं दारात उभं राहायचं असतं. रीत आहे ती. मी थोरला आहे.”

वर वर्तमानपत्राचा आवाज झाला. विलासकाका उभे राहिले. फोटोतल्यापेक्षा खूप वाळले होते, आणि नाक, कपाळ, कंबरेवर हात ठेवून उभं राहणं, सगळं हुबेहूब आण्णा. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. एक खाली, एक वर. कुणीतरी एक शब्द बोला, मी मनात म्हणत होतो. “दादा” म्हणा. “ये” म्हणा. शिवी द्या, पण बोला!

मी पुढं व्हायला गेलो. सासूबाईंनी माझी बाही धरली. “तुम्ही मधे पडू नका. जावयाचा मान जाईल आणि ह्यांचंही बिनसेल.”

“आणि असं बिनसलेलं नाही का?”

“थांबा हो जरा. येतील ते खाली.”

ते आले नाहीत. आण्णाही वर गेले नाहीत. वरून विलासकाका शेवटी बोलले ते आम्हाला नाही, बायकोला. “नलू, त्यांना उशीर होत असेल. गाडी लावायची होती, लावली. अडवू नकोस.”

आणि आत गेले.

आण्णांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. ते म्हणाले, “जावईबापू, टॅक्सी बघा.”

“आण्णा, अहो दोन जिने तर आहेत!” मृदुला रडवेली झाली होती.

“टॅक्सी बघा म्हणतोय ना!”

काकू पळत वर गेल्या आणि डबा भरून घेऊन आल्या. आण्णांनी तो घेतला नाही. बोटीवर जेवण आहे म्हणाले. सासूबाईंनी घेतला, आणि आमच्या पिशवीतला लोण्याचा डबा काकूंच्या हातात दिला. आण्णा तेव्हा पाठ करून उभे होते. टॅक्सीत चौघं दाटीवाटीनं बसलो.

टर्मिनलवर ही गर्दी. रंगीत टोप्या, चाकाच्या बॅगा, ढोल वाजवणारी मंडळी. तिकिटवाल्या बाई स्वतः आल्या होत्या, आमच्यासारखी अजून काही कुटुंबं त्यांनी आणलेली. आण्णांना बघून त्या हसत पुढं आल्या.

“काय काका, लागली का गाडी कुठं? तुम्ही पण कमाल केलीत हां. इतकी छान जागा मी धरून ठेवली होती. बंद शेड, रखवालदार, इथून चालत पाच मिनिटांवर. तुम्हालाही पसंत होती. मग एकाएकी फोन करून नको का म्हणालात?”

मी आण्णांकडं बघितलं.

“कधी म्हणाले?” मृदुलानं विचारलं.

“अहो, तुम्ही तिकिटं काढलीत त्याच आठवड्यात.”

आण्णा बॅगेची चेन लावत म्हणाले, “तिथं कबुतरं फार होती.”

मृदुलानं ओठ घट्ट मिटले आणि ती बाथरूम शोधायला निघून गेली. मी तसाच उभा. म्हणजे महिनाभर आम्ही नकाशे उलटेपालटे केले, तळघरं आणि मॉल बघितले, त्याच्या आधीच ह्यांनी मनाशी माझगाव ठरवून टाकलं होतं! बाकी साऱ्या जागा बाद करत करत कुणीतरी ते नाव काढायची वाट बघत बसले होते. मी काढलं असतं तर? नुसतं म्हटलं असतं, आण्णा, काकांकडं लावू का? पण घरात त्या नावाची बंदी होती, आणि ती बंदी त्यांनी नव्हे, आम्हीच पाळत होतो.

बोट सुटली. ती सुंदर होती म्हणे. सगळे सांगतात. मला आठवतात ते डेकवर एका खुर्चीत समुद्राकडं पाठ करून बसलेले आण्णा. किनारा दिसेनासा झाला तरी तिकडंच बघत होते.

गोवा आला तेव्हा फोनला रेंज आली आणि पहिला फोन सासूबाईंचा वाजला. नलिनीकाकूंचा होता. त्या तो घेऊन कोपऱ्यात गेल्या. परत आल्या त्या भिंत धरत धरत. मला वाटलं चक्कर आली. मी खुर्ची दिली.

“निशिकांत, काय करून बसलो हो आम्ही!” एरवी त्या मला नावानं हाक मारत नसत.

मग सगळं बाहेर आलं. आण्णांना तयार करायचं म्हणून सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं, विलासभावजींनीच निरोप धाडलाय, ‘दादानं गाडी माझ्याकडंच लावायची, दुसरीकडं लावली तर बघा.’ आणि तिकडं विलासकाकांना तयार करायचं म्हणून नलिनीकाकूंनी सांगितलं होतं, दादांनीच निरोप धाडलाय, ‘विलासला विचारा, माझ्या गाडीला जागा देशील का.’ दोघींनी आपापल्या नवऱ्याला गोड वाटेल ते सांगितलं. पण काय सांगितलं हे एकमेकींना सांगायचं राहून गेलं. फोन चोरून, घाईघाईत. तेवढंच राहून गेलं.

“ह्यांना वाटलं, बोलावलं त्यानं, तर तो खाली का येत नाही. त्यांना वाटलं, जागा मागितली दादानं, तर दादा वर का येत नाही,” सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. “आता हे माझा जीव घेतील.”

“आई, चला. आत्ताच सांगायचं,” मृदुला म्हणाली.

आम्ही तिघं डेकवर गेलो. सासूबाईंनी सगळं सांगितलं. आण्णा ऐकत होते. चेहऱ्यावर काही नाही. मला वाटलं, आता फुटणार. आणि आण्णा हसायलाच लागले. असे हसले की शेजारची गुजराती मंडळी वळून बघायला लागली.

“म्हणजे तोही माझीच वाट बघत होता म्हणा की!”

“हो.”

“गाढव आहे लेकाचा. आणि मीही.” त्यांनी डोळे पुसले. “भूक लागलीय. काय आहे खायला?”

तिथून पुढं माणूसच बदलला. आईस्क्रीम खाल्लं, जादूचे खेळ बघितले, सासूबाईंचा हात धरून डेकवर चालले. सासूबाई लाजून म्हणाल्या, “अहो, लोक बघतात.” आणि मधेच माझ्याजवळ येऊन म्हणायचे, “बघा, परत गेल्यावर मी सरळ वर जाणार. बेल वाजवणार. तो दार उघडेल. मी म्हणणार, ‘पाणी दे.’ बस. जास्त काही बोलायचंच नाही. तेवढ्यात सगळं आलं, काय?”

“आलं, आण्णा.”

“का आधी नावानं हाक मारू? इल्या म्हणायचो मी त्याला.”

“मारा की.”

“नको. पाणीच मागतो.”

मुंबईला उतरलो, टॅक्सी करून माझगाव गाठलं. आण्णांनी आमची वाट बघितली नाही. टॅक्सी थांबते न थांबते तोच उतरून जिना चढायला लागले, एका हातानं कठडा धरून. मी मागोमाग गेलो. त्यांनी दम खाल्ला, शर्ट खाली ओढला आणि बेल दाबली. पुन्हा दाबली. आत वाजल्याचं ऐकू येत होतं.

शेजारचं दार उघडलं. एक बाई म्हणाल्या, “जगदाळे नाहीत. काल नाशिकला गेले. मुलीचे दिवस भरायचे होते, पण आधीच दुखायला लागलं. घाईघाईत गेले.”

“काय झालं तिला?” आण्णांनी विचारलं.

“मुलगा झाला म्हणे, सकाळी.”

“अरे वा! इल्या आजोबा झाला.” ते हसले. बंद दाराकडं बघत थोडा वेळ उभे राहिले. मग दारावर तळहात टेकवला, नुसताच, आणि खाली उतरायला लागले.

गाडी पुसून ठेवलेली होती. मृदुला म्हणाली, “आण्णा, फोन लावा. आत्ता लावा. अभिनंदनही होईल.”

मीही म्हटलं, “लावा, आण्णा.”

“फोनवर?” त्यांना ते पटेचना. “नऊ वर्षांचं फोनवर फेडायचं होय? आणि आज तो लेकीच्या गडबडीत. तिथं मी कशाला? पाडवा आलाय तोंडावर. पाडव्याला सगळेच येऊ, श्रीखंड घेऊन.” ते सासूबाईंकडं वळले. “नलिनीला सांग शालन, पाडव्याला दादा येतोय. वर येतोय म्हणावं.”

सासूबाईंनी सांगितलं. नलिनीकाकूंनी नवऱ्याला सगळं सांगितलं, आपली आणि जावेची लबाडी सुद्धा. तेही म्हणे खूप हसले. म्हणाले, “मग येऊ दे त्याला. मी खाली जाऊन उभा राहतो.” त्यांनीही फोन केला नाही. भावाभावांचं कसं एक होतं बघा.

पाडव्याला आठवडा होता. दुपारी मी शिरवळला एका डेअरीत बसलो होतो आणि मृदुलाचा फोन आला. विलासकाकांना आदल्या दिवशी छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. आता गेले.

मी उलटा कराडला गेलो. आण्णा दारातच उभे होते, चपला घालून. ते पुढं बसले, सासूबाई आणि मृदुला मागं, आणि आम्ही तसेच निघालो. आणि घाटात गाड्या थांबल्या. टँकर उलटला होता पुढं. तासभर चाक हललं नाही. ऊन उतरायला लागलं. आण्णा सारखे खिडकीतून मान बाहेर काढून मावळतीकडं बघत होते.

“आण्णा, काकूंना फोन करते. थांबा म्हणून सांगते,” मृदुला म्हणाली.

“नको.”

“अहो, पण...”

“मी कुठल्या तोंडानं थांबा म्हणू, पोरी? मी थांबलो होतो का?” त्यांचा आवाज फाटला. “त्यांना सांग, उरकून घ्या. आमची वाट बघू नका. तेच बरोबर आहे.”

मृदुलानं फोन लावला, पण तिला बोलू न देता पलीकडून नलिनीकाकूच बोलल्या. मृदुलानं फोनचा आवाज मोठा केला. “सावकाश या. घाई करू नका. आम्ही थांबलोय.”

आम्ही पोचलो तेव्हा रात्र झाली होती. फाटकाबाहेर शववाहिनी उभी. जिन्यावर, पायऱ्यापायऱ्यांवर माणसं खोळंबलेली. त्यांनी वाट करून दिली. आण्णा कुठंही न थांबता दोन जिने चढले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात शिरले.

नलिनीकाकू विलासकाकांच्या डोक्याशी बसल्या होत्या. आण्णांकडं बघून म्हणाल्या, “दवाखान्यात नेताना सांगून गेलेत. काही झालं तर दादा आल्याशिवाय हलवायचं नाही. दिवस मावळला तरी चालेल. त्याला लांबून यायचं असतं.”

आण्णा खाली बसले. त्यांनी विलासकाकांच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो हात तिथून उचललाच नाही. रडले नाहीत. ओठ हलत होते, पण काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. मी पुढं वाकूनही बघितलं. कुणीतरी त्यांच्यापुढं पाण्याचा पेला धरला. त्यांनी मान हलवली.

बराच वेळ गेला. सोसायटीतले एक वयस्क गृहस्थ अवघडून पुढं आले. त्यांचं चुकलं नाही, माणसं दुपारपासून ताटकळली होती. ते हलकेच म्हणाले, “दादा, तुम्ही थोरले आहात. तुम्ही म्हणालात की उचलू या.”

आण्णांनी वर बघितलं. सगळी खोली त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

“थांबा की हो थोडं,” ते म्हणाले. “एवढी काय घाई आहे?”